केळी, माझा पाय आणि दुधाची गाडी

"सुई पायात मोडली आणि तुम्हाला कळलंच नाही?" डॉक्टरांनी विचारलं. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर म्हणाले, "डायबेटीस आहे. बोटाला गँग्रीन होतंय. वर सरकलं तर पाय कापावा लागेल."

डायबेटीस म्हणजे रक्तातली साखर वाढणं, एवढं ठाऊक होतं. न्यूरोपथी मात्र तिथंच ऐकली: साखरेनं नसा बधिर होतात, टोचलेलं कळत नाही. गँग्रीन म्हणजे मांस सडणं. मी कारेगावात शिवणकाम करते. कंपनीतल्या पोरांचे युनिफॉर्म, बायकांचे ब्लाउज. मशीन पायानं चालतं. मी डॉक्टरांसमोरच रडले.

शिरूरच्या सरकारी दवाखान्यात सडलेला भाग काढला, इन्सुलिन सुरू झालं. वॉर्डात औषधांच्या खालोखाल काय येत असेल, तर केळी! वाढदिवस कुणाचाही असो, फळवाटप दवाखान्यातच. फोटोग्राफर म्हणायचा, "जरा हसा." मी शुगरची, शेजारीण ऑपरेशनसाठी उपाशी, दोघी केळी धरून हसायचो.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "रोज ड्रेसिंगला यायचं, पण पाय टेकवायचा नाही." आता एसटीच्या गर्दीत पाय न टेकवता कसं जायचं? जीव नुसता टांगणीला लागला.

नेमके त्याच दिवशी आमच्या गावचे आप्पा नातवाच्या वाढदिवसाची केळी घेऊन आले. मोठे बागायतदार, दारात म्हशींचा गोठा. माझा स्वभाव मुळात तिखट, त्यात डोकं फिरलेलं.

"आप्पा, मला शुगर हाय. केळं खाल्लं तर माझा पाय जाईल, न्हाई घेतलं तर तुमचा फोटो. म्या करू काय?"

वॉर्ड हसला. आप्पांचा चेहरा उतरला. बोलून गेले आणि मीच घाबरले.

आप्पा स्टुलावर बसले. "मंग तुला लागतंय तरी काय, सुमन?"

"रोज हितं यायला गाडी. तुमची दुधाची गाडी शिरूरला येतीच की, आप्पा."

"व्हय की! ह्ये कुणी बोललंच न्हाई." ते उठून थेट डॉक्टरांकडे गेले आणि आमच्या भागातून आणखी कुणाला यावं लागतं, ते विचारून आले.

दुसऱ्या सकाळी दुधाची गाडी दारात उभी. माझा पाय वर ठेवायला आप्पांनी घरचा लोड पाठवला होता. पुढं वाटेवरची आणखी दोन माणसं त्याच गाडीतून ड्रेसिंगला येऊ लागली. कॅनच्या खडखडाटात आमच्या छान गप्पा व्हायच्या.

एका सकाळी डॉक्टर पट्टी सोडून म्हणाले, "जखम भरली. पाय वाचला." केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

शुगर असेल तर रोज तळपाय हातानं चाचपून बघा. आणि देणाऱ्यांनो, तुमचे हात मोठे आहेत; द्यायच्या आधी दवाखान्यात जाऊन काय कमी पडतंय तेवढं विचारा.

मी पुन्हा मशीनवर बसले, तेव्हा पहिला शिवला तो आप्पांच्या नातवाचा पुढच्या वाढदिवसाचा शर्ट. त्या वर्षी आप्पांनी केळी शाळेत वाटली. दुधाची गाडी मात्र नेहमीसारखी ड्रेसिंगची माणसं घेऊन दवाखान्यावरून गेली.