साखळी

दुपारी मटार सोलताना मी मोबाईलवर खऱ्या खुनांच्या गोष्टी ऐकते. कुणाच्या तरी लेकीचं मरण ऐकता ऐकता माझी भाजी निवडून होते. कालच्या गोष्टीतला खुनी शेजारीच होता, सगळ्यांचा लाडका.

आजही तशीच ऐकत बसले होते, तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे नाना आले होते. गेली बारा वर्षं ते आपल्या कुंडीतला कढीपत्ता आम्हाला आणून देतात. मी साखळी न काढताच फटीतून हात पुढे केला.

त्यांनी साखळीकडे पाहिलं, डहाळी माझ्या हातात ठेवली आणि हसून म्हणाले, "बरोबर आहे, वहिनी. दिवस वाईट आहेत. त्यातून तुम्ही दुपारच्या एकट्याच असता."

मी दार लावलं. काळजीनंच म्हणाले असतील. नक्कीच काळजीनं. पण जिना उतरणारी त्यांची पावलं मला अजून ऐकू आली नव्हती.