रीनोच्या बहिणीचा फेरेट

इडलिना सिल्व्हेराला बहीणच नव्हती. तरी कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावाच्या शनिवारच्या बाजारात ही नसलेली बहीण सगळ्यांच्या ओळखीची होती. फेरेट हे छोटं जनावर घरी पाळायला कायद्याने परवानगी द्या, म्हणून इडलिना तिथे टेबल मांडून सह्या गोळा करायची. "तुमच्याकडे आहे का हो एखादा?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "छे! माझ्या बहिणीकडे आहे, रीनोला." रीनो पडलं शेजारच्या नेवाडा राज्यात; तिकडे पाळलं तर चालतं, कॅलिफोर्नियात सापडलं तर जनावर जप्त. त्यामुळे चळवळीतल्या प्रत्येकाची कुणी बहीण नाहीतर मावशी रीनोला असायचीच. आणि कायदा तरी किती शहाणा! फेरेटचं खाणं दुकानात उघड विकायचं, पिंजरा विकायचा, फेरेट तेवढा नको.

खरा फेरेट, नगेट, तिच्याच घरी मोज्यांच्या कप्प्यात राहायचा. मुंगसासारखा लांबुडका, डोळ्यांवर चोराचा काळा पट्टा, आणि वागणंही चोराचंच. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर तिला घर खायला उठलं होतं. या टीचभर जनावराने ते पुन्हा हसतं केलं. पण दाराची घंटा वाजली की ती आधी तो कप्पा लोटून द्यायची. एकदा नेला की तो परत मिळायचा नाही, हे ती जाणून होती.

राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, वन्यजीव मंडळासमोर बोलायची तिची पाळी आली. पत्रकं आणि वाटायची कापडी फेरेट-खेळणी पिशवीत कोंबून ती सकाळी घाईने निघाली. सभागृहाच्या दारात रखवालदाराने पिशवी उघडायला लावली, तर खेळण्यांच्या ढिगात नगेट झोपलेला!

फेरेट झोपला की मेल्यासारखा झोपतो. रखवालदाराने एक खेळणं दाबलं, ते चूं वाजलं. मग नगेटला ढोसलं. तो ढिम्म.

"हा वाजत नाही बाई."

"बिघडलाय तो," इडलिना कशीबशी म्हणाली.

"केलाय मात्र अगदी खऱ्यासारखा," म्हणत त्याने तिला आत सोडलं.

शेजारच्या खुर्चीत चळवळीतली वर्निस होती. तिने पिशवीत डोकावून कपाळाला हात लावला. "अगं बाई! पळ इथून." इडलिना उठली, तेवढ्यात तिचंच नाव पुकारलं गेलं.

समोर मंडळाचे अध्यक्ष लिंडक्विस्ट बसले होते. दर सभेला फेरेटच्या विरोधात बोलणारा खडूस म्हातारा. हे प्राणी मोकळे सुटले तर रानातले पक्षी फस्त करतील, हे त्यांचं पालुपद. इडलिनाने माइक धरला आणि खांद्यावरची पिशवी वळवळली. एक नाक बाहेर आलं, नाकापाठोपाठ काळा पट्टा.

पुढच्या रांगेतले लोक माना उंच करून बघायला लागले.

"सिल्व्हेराबाई, हे कुणाचं?" लिंडक्विस्टांनी विचारलं.

सवयीने तोंडातून निघून गेलं, "बहिणीचं. रीनोच्या."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. लिंडक्विस्ट हसले नाहीत. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. इडलिनाने पिशवी छातीशी धरली. कुणी हात घातला तर चावायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि ती चावली असती.

"रीनो लांब आहे," ते शेवटी म्हणाले. "वाटेत घाट लागतो. बहीण खोळंबली असेल. तुमचं म्हणणं लेखी आहे ना? वाचू आम्ही. निघा."

"म्हणजे साहेब, तुमचं मत..."

"मत आहे तेच आहे. निघा म्हणतो ना! आणि त्या पिशवीचं तोंड बांधा."

गाडीत बसून तिने काचा वर केल्या आणि पोटभर रडून घेतलं. हायसं वाटलं की रडू येतं, हे तिला त्या दिवशी कळलं. नगेट तिच्या बाहीत शिरून जांभया देत होता. फोन पाहिला तर नवऱ्याचे, गिलचे, कितीतरी कॉल.

"अगं, नगेट नाहीये!" गिलचा आवाज चिरकला होता. "कपडे धुवायचं मशीन उघडलं, सोफा फाडला... कुणी घेऊन तर नाही ना गेलं?"

"माझ्यापाशी आहे तो."

पलीकडे तो धपकन खाली बसल्याचा आवाज आला. मग हा दांडगा माणूस लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. एवढ्या संसारात तिने ते कधी ऐकलं नव्हतं.

"आणि कायद्याचं?" नाक ओढत त्याने विचारलं. "काय झालं?"

"काही नाही. कायदा आहे तिथंच आहे," इडलिनाने गाडी सुरू केली. "आम्ही दोघं घरी येतोय."