न बनलेल्या इंजिनाचा आवाज

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवत आले. आता माझी उडवलीत तरी चालेल, पण हे घडलंय…

२००३च्या आसपासची गोष्ट. आमचं घर कसबा बावड्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेतातली ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. कोडोलीकडचे शेतकरी इंजिन मळ्यातच ठेवून यायचे आणि त्याचा आवाज तोंडानं काढून दाखवायचे. अण्णा तोच आवाज परत काढून विचारायचे, "असंच वाजतंय न्हवं, पावणं?" आम्ही भावंडं हसून हसून बेजार व्हायचो. मग अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. घर इतकं गप्प झालं की मला सोसेना. डिग्रीपेक्षा मला त्यांचा आवाज परत हवा होता.

मी तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये एम.ई.चा प्रोजेक्ट करत होते — गॅस टर्बाइन इंजिनाचा, पण फक्त कॉम्प्युटरवर. नेहमीच्या टर्बाइनमध्ये ज्वाला संथ जळते आणि थोडा दाब वाया जातो. माझ्या इंजिनात स्फोटाची लाट गोल फिरत राहून दाब उलट वाढायला हवा होता… पण महिनोन् महिने ती विझतच होती.

एका दुपारी ती टिकली. स्क्रीनवर केशरी लाट फिरत राहिली, ना आवाज, ना धग. बघता बघता मला गुंगीच आली. वाटलं, हिला आवाज असेल तर कसा? दाबाचा आलेख आवाजात बदलला, खूप संथ केला आणि हेडफोन लावले. हुं-हुं-हुंप… हुं-हुं-हुंप, दर तिसऱ्या ठोक्याला किंचित अडखळत. लॅबमध्ये मी एकटीच होते.

संध्याकाळी घरी आले तर आई दारातच. "अगं, ह्यांनी दुपारी आवाज काढला की!"

"बोलले? काय म्हणाले?"

"बोलत्यात कुठलं… इंजिन चालू केलंया तोंडानं!"

मी आत धावले. अण्णांनी माझ्याकडे पाहून ओठ गोल केले. हुं-हुं-हुंप. तिसऱ्या ठोक्याला तोच अडखळा. मग भुवई उंचावली, गिऱ्हाइकाला विचारताना उंचावायचे तशीच.

"व्हय अण्णा," मी म्हणाले, "असंच वाजतंय." मला रडू आवरेना. ते मात्र खुशीत हसले आणि कितीतरी वेळ तो सूर धरून राहिले.

तो आवाज पुन्हा आला नाही. त्या साली ऊसतोड सुरू व्हायच्या आत अण्णा गेले. भास म्हणा, योगायोग म्हणा… मग आईनं दुपारी काय ऐकलं, तेवढं सांगा. माझं इंजिन कुठल्याच कारखान्यात बनलं नाही. चाललं ते फक्त आमच्या घरी, त्या एका दिवशी.