गाडीखालचा पुठ्ठा

पप्पांना जाऊन पाच महिने झाले, तरी घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगखाली त्यांच्या गाडीखाली पुठ्ठा असतोच. आता तो आई ठेवते. इंजिनमधून ऑइल गळायचं. पप्पा रोज सकाळी वाकून पुठ्ठ्यावरचे थेंब बघायचे आणि 'हुं' करत उठायचे. वर आम्हालाच ऐकवायचे, "गळतंय म्हणजे अजून आत आहे."

मी पवईला राहते, गाडीने वीस मिनिटं. शेवटचं वर्षभर ते फोनवर म्हणत होते, "अगं, एकदा गॅरेजला ये ना. काय करायचं ते ठरवू." मी म्हणायचे, "पप्पा, चौदा वर्षांची गाडी आहे. भंगारात द्या आणि मोकळे व्हा." मग ते माझ्या जेवणाची चौकशी करायचे.

ते गेले आणि गाडी माझ्या गळ्यात पडली. एका शनिवारी किल्ली घेऊन बसले, तर पाय ब्रेकपर्यंत पोचेना. सीट त्यांच्या उंचीला मागे सरकवलेली. ती पुढे ओढली, तर त्यांना उठवून त्यांच्या जागी बसल्यासारखं वाटलं. आरशात मला रस्ता दिसत नव्हता, नुसतं छत दिसत होतं. आरशाला हात लावायचं धाडस झालं नाही. साकीनाक्याच्या गॅरेजपर्यंत मान वळवून वळवून मागे बघत गेले. शुद्ध वेडेपणा.

मेकॅनिक पप्पांच्याच वयाचा. बॉनेट उघडून त्याने टॉर्च मारला, मग खाली आडवा झाला. "ताई, वरचं पॅकिंग बदललं तर थोडं कमी होईल. पण मेन लीक मागच्या सीलचा आहे. गिअरबॉक्स उतरवायला लागेल. खर्च बघितला तर गाडीची तेवढी किंमत पण नाय. करायचं, का भंगारात टाकायची, तुम्ही बोला."

मी भडकले. "हे त्यांना आधी सांगता आलं नाही? वर्षभर वरून ऑइल ओतत बसले ते."

त्याने फडक्याला हात पुसले. "सांगितलं ना. दर महिन्याला यायचे. बोलायचे, मुलगी येणार आहे, ती आली की ठरवू." दाराजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलाकडे त्याने बोट केलं. "तिकडे बसायचे. तुम्हाला फोन लावायचे. मग बोलायचे, आज तिला जमत नाय."

शेजारच्या गाळ्यात पत्रा ठोकत होते. तो आवाज मी ओळखला. पप्पांच्या फोनमागे तो कायम असायचा, आणि मी म्हणायचे, "पप्पा, काही ऐकू येत नाही, नंतर बोलू." माझं ऑफिस तिथून दोन सिग्नल पलीकडे आहे.

"सगळं काम करा," मी म्हणाले. व्यवहार म्हणून हा मूर्खपणाच होता, आणि तो मला करायचाच होता.

गाडी परत आणली त्या दिवशी मी आईकडेच राहिले. आता पुठ्ठा नको म्हटलं, तरी तिने सरकवलाच. सकाळी खाली जाऊन वाकले. पुठ्ठा कोरडा होता. उठताना 'हुं' ऐकू आलं आणि मी दचकून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ते माझ्याच तोंडून निघालं होतं.

आईने वरून खिडकीतून विचारलं, "थांबलं का गं?"

"थांबलं," मी म्हणाले. मी एकदा येऊन ठरवावं, एवढ्यासाठी पप्पा वर्षभर त्या स्टुलावर बसले होते.