मामांची न घेतलेली बंदूक

जन्मात एकही गोळी न झाडता बंदुकीपायी अख्खं म्हातारपण कामाला लावणारा माणूस साऱ्या इंग्लंडात शोधला तर एकच सापडेल, आणि ते आमचे मामेसासरे आहेत. बायकोचे हे धाकटे मामा कॉव्हेंट्रीला राहतात. तिथल्या हॉस्पिटलात त्यांनी जन्मभर लोकांना भूल दिली. रिटायर झाल्यावर त्यांचे डॉक्टर मित्र क्रूझवर गेले, गोल्फ खेळू लागले. मामांनी मात्र ठरवलं की आपण स्कॉटलंडच्या डोंगरात जाऊन स्टॅग मारायचा. स्टॅग म्हणजे आपल्या सांबराएवढं, डोक्यावर शिंगांचं झाड घेऊन हिंडणारं हरीण. तिकडे हरणं इतकी वाढलीत की ती मारावीच लागतात, त्यामुळे यात बेकायदा काही नाही. मामांनी हिरवं जाकीट घेतलं, गुडघ्यापर्यंतचे बूट घेतले, दुर्बीण घेतली. आता फक्त बंदूक घ्यायची राहिली होती. ती अजून राहिलेलीच आहे.

या वेडाचं मूळ परतवाड्याला आहे. मामांच्या वडिलांकडे एक दुनळी होती. मामा आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णा, दोघंही तिच्यावर जीव टाकायचे. पण वडिलांचा हुकूम होता की लग्न झाल्याशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही. बंदूक आणि बायको यांचा वडिलांनी काय संबंध लावला होता, ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. पोरांनी निमूटपणे वाट पाहिली. दोघांची लग्नं झाली, पण तोवर देशात शिकारबंदी आली होती. अण्णा परतवाड्यातच भूगोलाचे मास्तर झाले, मामा विलायतेला आले, आणि दोघांच्याही मनातला बार तसाच भरलेला राहिला. म्हणून मामांनी शिकारीचं ठरवलं तेव्हा भावाभावांत करार झाला: गोळी बाळ्या झाडेल, पण बंदूक दोघं मिळून निवडायची. दोघांचं एकमत झाल्याशिवाय घ्यायची नाही. बाळ्या म्हणजे मामा. सत्तरी ओलांडलेल्या, चष्मा लावणाऱ्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलेलं होतं.

मी वर्क व्हिसावर पुण्याहून आलो, तेव्हा लंडनच्या कडेला हॅरोला जागा मिळेपर्यंत मामांकडे उतरलो होतो. पहिल्याच रविवारी सकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला, “अबे, पण गोळी छातीत बसली पायजे ना!” मी घाबरून जिना उतरलो. मामी शांतपणे पोहे परतत होत्या. “यांच्या भावाचा फोन आहे,” त्या म्हणाल्या. “बसा तुम्ही. जेवणापर्यंत चालेल.” एरवी मामा माझ्याशी अगदी शुद्ध, इस्त्रीचं मराठी बोलायचे, “जावईबापू, तुम्ही” असं. अण्णांच्या फोनवर मात्र त्यांची वऱ्हाडी सुटायची आणि चेहऱ्यावर परतवाड्याचं ऊन यायचं. भांडण काडतुसावरून असे. मामांना ‘थ्री-ओ-एट’ मापाची बंदूक हवी होती, कारण तिची काडतुसं स्वस्त, कुठंही मिळणारी, आणि वापरलेल्या बंदुकाही मुबलक. अण्णांना ‘टू-सेव्हन्टी’ हवी होती, कारण तिची गोळी वेगानं आणि सरळ जाते. “बाळ्या, पहाडात वारा राह्यते,” अण्णा फोनमधून गरजायचे. “तुई ते जडशीळ गोळी हरणापाशी पोचता पोचता खाली बसंन! चार पैशांसाठी काहून जीव काढतं बाप्पा?” अण्णांनीही कधी रायफल हातात धरली नव्हती. पण भूगोल शिकवल्यामुळे वाऱ्यावर आपला हक्क आहे असं त्यांना वाटे.

भूलतज्ज्ञ असल्यामुळे मामा काडतुसाकडेही डोस म्हणूनच बघायचे. समोरच्याचं वजन पाहिल्याशिवाय त्यांना राहवतच नसे. माझ्याकडेसुद्धा एकदा जेवताना टक लावून पाहत ते म्हणाले होते, “तुम्हाला थ्री-ओ-एट पुरेल, जावईबापू.” मग त्यांनी गंभीरपणे समजावलं, “जनावराला कळताच कामा नये. अंडरडोस म्हणजे पाप, ओव्हरडोस म्हणजे मटणाची नासाडी. आणि बंदूक एकदाच घ्यायची असते हो, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात!” यावर मामी आतून म्हणाल्या, “त्या तुम्ही घेताच आहात की सकाळ-संध्याकाळ. आणि एनएचएसकडून फुकट!” बंदुकीचं पोलादी कपाट मात्र मामांनी सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून केव्हाच आणून भिंतीला पक्कं ठोकलं होतं. रिकामं कपाट मामींना बघवेना. त्यांनी त्यात गौरी-गणपतीची चांदीची भांडी ठेवली, पुढे मामांची शुगर वाढल्यावर काजूकतलीचे डबेही ठेवले, आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

या छंदानं मामांची इज्जत एकदा जाता जाता राहिली. इथे हंटिंग म्हटलं की लोकांना घोडे आणि कुत्रे आठवतात. हरणाच्या मागावर पोटावर सरपटत जाऊन बंदुकीनं मारणं, याला इथले लोक स्टॉकिंग म्हणतात. मामांना हा शब्द शिकल्याचा फार अभिमान होता. गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत नागपूरहून नुकत्याच आलेल्या एका मुलीनं आदबीनं विचारलं, “काका, रिटायरमेंटनंतर तुम्ही टाइमपास काय करता?” मामा ठसक्यात म्हणाले, “स्टॉकिंग!” रांग दोन पावलं मागे सरकली. मामांना वाटलं, पोरगी प्रभावित झाली. ते उत्साहानं पुढे म्हणाले, “अजून प्रत्यक्ष जमलं नाहीये. पण दुर्बीण घेऊन ठेवलीय. आणि मिसेसची काही हरकत नाही!” मुलीनं ताट तिथंच ठेवलं. मामींनी चटणीचं भांडं खाली ठेवून सगळ्या हॉलला समजेल अशा आवाजात खुलासा केला, “हरणांचं हो, हरणांचं!” त्यानं गैरसमज गेला की वाढला, हे मी अजून सांगू शकत नाही.

महिन्यातून एकदा मी हॅरोहून भेटायला गेलो की मामा मला गाडीत घालून गावाबाहेरच्या एका बंदुकीच्या दुकानात न्यायचे. दुकानदार म्हातारा, लाल गालांचा इंग्रज होता आणि मामा दिसले की किटली लावायचा. मामा एकेक वापरलेली रायफल उचलत, किमतीची चिठ्ठी आधी बघत, मग खांद्याला लावून भिंतीवरच्या भुसा भरलेल्या हरणावर नेम धरत. त्या बिचाऱ्या हरणावर जितके नेम धरले गेले, तितके स्कॉटलंडातल्या कुठल्याही जिवंत हरणावर धरले गेले नसतील. मग उसासा टाकून बंदूक परत करत ते म्हणायचे, “लव्हली. बट माय ब्रदर वोन्ट अ‍ॅग्री.” इथे पोलिसांकडे लायसन्सला अर्ज करतानाच कुठलं काडतूस ते लिहावं लागतं, त्यामुळे भाऊ अ‍ॅग्री होईपर्यंत अर्जही अडलेला. दुकानदार हसून म्हणायचा, “ब्रिंग हिम अलाँग, डॉक्टर!” अण्णांचे गुडघे गेलेले होते, ते परतवाड्याच्या बाजारापर्यंतही जात नसत. तरी मामा दरवेळी “आय विल,” म्हणून यायचे.

मागच्या हिवाळ्यात अण्णा गेले, झोपेतच. मामा जाऊन दिवस करून आले. मी भेटायला गेलो तर ते फोन मांडीवर ठेवून बसले होते, रविवार होता. मामी मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, “पूर्वी ओरडायचे तर वाटायचं, कधी एकदा गप्प होतील. आता हे असं बघवत नाही हो.” कपाटातली काजूकतली त्यांनी स्वतःहून बाहेर काढून ठेवली होती, मामांनी तिला हात लावला नव्हता. मी हवापाण्याचं बोललो, ऑफिसचं बोललो. मामा “हो का, छान,” म्हणत राहिले, आणि मला फार वाईट वाटलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुकानदाराचा निरोप आला: एका गेमकीपरची, म्हणजे शिकारीचं रान राखणाऱ्याची, जुनी थ्री-ओ-एट आलीय, उत्तम राखलेली आणि स्वस्त, होय म्हणा, लायसन्स येईपर्यंत मी सांभाळून ठेवतो. मामांनी एवढी वर्षं जी मागितली होती तीच. आम्ही गेलो. मामांनी बंदूक खांद्याला लावली, भिंतीवरच्या हरणाकडे पुष्कळ वेळ बघितलं, मग ती खाली केली. “लव्हली,” ते म्हणाले. “बट माय ब्रदर...” अडवणारं कुणी उरलं नव्हतं. दुकानदार खाली मान घालून काउंटर पुसू लागला.

मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, “मामा, ही घेऊ नका.”

“का?”

“डोंगरात वारा असतो. ही गोळी जड, पोचता पोचता खाली बसेल. टू-सेव्हन्टी सरळ जाते. जन्मात एकदा हरीण समोर उभं राहणार, तेव्हा चार पैशांसाठी कशाला जीव काढायचा?”

सगळं अण्णांचंच होतं, फक्त पुणेरी उच्चारांत. मामा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आपण भलतंच काही करून बसलो. मग हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

“तुले काय समजते बे!” मामा ओरडले. “अबे, दुरून मारतेच कोन? सरकत सरकत जवळ जायचं राह्यते! अन् काडतूस सापडलं नाही गावात, तं काय दगड मारू हरणाले?”

जावयाला चारचौघांत ‘बे’ म्हणणारा सासरा मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मीही आवाज चढवला. दुकानदारानं एकवार आमच्याकडे पाहिलं आणि तो मुकाट्यानं किटली लावायला गेला. बंदूक परत रॅकवर गेली. परतीच्या वाटेवर मामा रस्त्यावरची नजर न हलवता, पुन्हा इस्त्रीच्या मराठीत म्हणाले, “जावईबापू, रविवारी सकाळी फोन करा. वाऱ्याचा मुद्दा अजून संपलेला नाही.”

आता मी दर रविवारी हॅरोहून फोन करतो. बायको हसते, शेजारी भिंत ठोकतात. मामांचेही गुडघे आता कुरकुरू लागलेत. त्या डोंगरावर आम्ही कुणी चढणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे आणि आम्ही दोघंही ते बोलत नाही. खरं सांगायचं तर मला मामांचंच पटतं. थ्री-ओ-एटच घ्यावी; स्वस्त आहे आणि पुरेशी आहे. पण हे मी कबूल केलं तर ते दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन येतील, आणि मग रविवारी आम्ही बोलायचं काय? हल्ली तर मला वाटतं, अण्णांनाही ते फार पूर्वीच पटलेलं असावं.