वाशाला लावलेला कान

माझा थोरला भाऊ फौजेत कमांडोंचा मोठा अधिकारी होता. महाडच्या कॉलेजातून निघाला तो अधिकाऱ्यांच्या परीक्षेला बसला, डोक्यावर कमांडोंची मरून रंगाची टोपी चढली, पुढे अख्खी पलटण हाताखाली आली आणि निवृत्त होताना गाडीला ब्रिगेडियरची ताऱ्याची पाटी होती. एवढ्या वर्षांत त्याने नेमकं काय केलं, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नाही. आई विचारायची, "कुठं होतास रे?" हा म्हणायचा, "वर होतो. थंडी होती." पदक मिळालं तेव्हा ते कशाबद्दल, हेही त्याने सांगितलं नाही. मी चिडवायचे, तुझ्यापेक्षा एसटीचा कंडक्टर बरा, कुठे जाऊन आला ते तरी सांगतो. तो हसायचा. मला त्याचा रागच यायचा. आपल्या माणसांपासून कसली आलीय लपवाछपवी?

निवृत्तीनंतर दादा आमच्या गावी परतला, पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. माझं सासर तिथून ओढ्यापलीकडच्या वाडीत.

एका पावसाळ्यात सकाळी आमचे हे गुरं सोडायला गोठ्यात गेले आणि मागची दरड गोठ्यावर आली. घर राहिलं, गोठा गेला. घाटरस्ता बंद, महाडहून मशीन येणार कुठून? वाडीतली पोरं फावडी-पहारी घेऊन धावली. त्यांत माझा मुलगाही होता. तो बिरवाडीला खोली घेऊन राहतो, कंपनीत आहे, सुट्टीला घरी आला होता. दादा ओढा ओलांडून आला आणि कुणी न सांगता त्याने सगळं हाती घेतलं. एकाला वरच्या बांधावर डोंगराकडे बघत उभं केलं, बाकीच्यांना रांगेत लावलं. मधूनच हात वर करायचा, की सगळ्यांनी थांबायचं आणि ऐकायचं. मी पडवीत उभी होते. त्याला त्याचं काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होते आणि खरं सांगते, मला धीर आला. दादा आहे म्हणजे हे निघतील, असं वाटलं.

मग बांधावरचा ओरडला. वर भेग पडली होती, तिच्यातून तांबडं पाणी यायला लागलं होतं. दादाने एकदा वर पाहिलं. चिखलातून गोठ्याच्या एका वाशाचं टोक बाहेर आलं होतं, त्याला कान लावून तो पालथा पडला. बराच वेळ पडून होता. उठला तो फार सावकाश उठला आणि म्हणाला, "जित्तं कुनी नाय आत. सगळे मागं या."

पोरं मागे आली. माझा मुलगा येईना. त्याला दादाने दंडाला धरून ओढत आणला.

डोंगर त्या दिवशी आला नाही. रात्रीही आला नाही. दुसऱ्या दुपारी आला आणि पोरं जिथे उकरत होती तिथे पुरुषभर ढीग घालून गेला. तेव्हापासून वाडीत दादाचं नाव देवासारखं घेतात. साहेब नसते तर अमक्याचा पोरगा गेला असता, तमक्याचा गेला असता. खोटं नाही ते, माझाही गेला असता. पण दुसऱ्या दुपारपर्यंत खूप उकरून झालं असतं, हेही खोटं नाही, आणि ते कुणी बोलत नाही.

मशीन आलं तेव्हा हे सापडले. यांची मूठ वाशाला घट्ट धरून होती. लोक म्हणाले, माती आली तेव्हाच धरला असेल. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. वाशाच्या एका टोकाला यांची मूठ आणि दुसऱ्या टोकाला दादाचा कान.

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. तरी भाऊबीजेला दादा आला, पडवीत बसला. मुलगा दळण आणायला गेला होता.

मी विचारलं, "दादा, वाशाला कान लावलास तवा काय ऐकलंस?"

"जाऊ दे गो."

"माझा नवरा हाय तो. सांग मला."

मला वाटलं, आताही तोंडाला कुलूपच लावणार.

"आतून ठोकत व्हते," तो म्हणाला. "तसं बोललो असतो तर एक पोरगा मागं हटला नसता. तुझा तर नायच नाय."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. खाली वळणावर मुलाची मोटरसायकल वाजली तेव्हा एवढंच म्हटलं, "ह्याला सांगू नकोस."

"नाय," दादा म्हणाला.

मुलगा आला, दळण ठेवलं आणि मामाच्या पाया पडला. आता सुट्टीला येऊन तो समोर जेवायला बसतो तेव्हा मी त्याच्या ताटाकडे बघते, तोंडाकडे नाही.