तुम्ही कोणाकडच्या?

नवऱ्याच्या कर्जाला बायकोच जामीनदार, हे पतपेढीतल्या साहेबांना फार सोयीचं वाटलं होतं. माझी नोकरी पक्की होती. महाप्याच्या एका कारखान्यात रेडिओचे भाग जोडायच्या लाईनवर मी सहा वर्षं बसत होते. ह्यांना तुर्भ्याच्या मार्केटात भाजीच्या वाहतुकीसाठी टेम्पो घ्यायचा होता. "दोन वर्षांत फिटेल गं," ते म्हणाले. साहेबांनी बोट ठेवलं तिथे मी सही केली.

टेम्पो आल्यावर नऊ महिन्यांनी हे सुरतेचा माल आहे म्हणून सकाळी निघाले ते परत आलेच नाहीत. आधी मी अपघाताच्याच विचारात होते. हायवेवरच्या दोन पोलीस चौक्यांत जाऊन आले. विसेक दिवसांनी मार्केटातला त्यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर भेटला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, टेम्पो त्याने तिकडेच विकला. बरा आहे तो. तुम्ही वाट नका बघू." घरी येऊन मी कपाट उघडलं. त्यांचे चांगले तिन्ही शर्ट नव्हते. वीस दिवस ते कपाट मी रोज उघडत होते आणि तेवढंच मला दिसलं नव्हतं.

पुढच्या महिन्यापासून हप्ता माझ्या पगारातून कापायला लागले. आम्ही कामोठ्याला भाड्याने राहत होतो. बिल्डिंग नवी, सोळा फ्लॅट, त्यातले चारच भरलेले. पाणी टँकरचं, म्हणून भाडं कमी. माझ्या मजल्यावर दुसरं कोणीच नव्हतं. टीव्ही विकला, गॅसची दुसरी टाकी विकली. मंगळसूत्र मात्र गळ्यात ठेवलं, कारण ते काढायचं तर का काढलं हे सांगावं लागलं असतं.

साताऱ्याला, माहेरी, मी कळवलं की हे आता गुजरातच्या लाईनवर असतात. आईने पत्रात विचारलं, दिवाळीला दोघं येणार ना? मी लिहिलं, सुट्टी नाही. संक्रांतीला लिहिलं, यांना बरं नाही. एक खोटं टिकवायला दुसरं बोलावं लागायचं. मग मी माहेरी पत्र टाकणंच बंद केलं.

कारखान्यात आठ तास बोलायची मुभा नव्हती. कंपनीची बस कळंबोलीच्या कोपऱ्यावर सोडायची, तिथून घरी चालत. शनिवारी संध्याकाळी बसमधून उतरले की सोमवारी सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नसायचं. सोमवारी पहिला शब्द घोगरा निघायचा, आजाऱ्यासारखा. एका रविवारी मला ते सहन होईना. चालत पनवेलच्या एसटी स्टँडवर गेले आणि चौकशीच्या खिडकीत विचारलं, "सातारा गाडी किती वाजता?" आतल्या माणसाने वर न बघता वेळ सांगितली. मला एवढं बरं वाटलं की थोड्या वेळाने परत रांगेत उभी राहिले आणि कोल्हापूरची वेळ विचारली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो वैतागला. "बाई, जायचंय कुठे तुम्हाला नक्की?"

तिथून परत येताना रस्त्यात एक लग्नाचा हॉल लागला. सनई वाजत होती. मी रविवार म्हणून बरी साडी नेसले होते. दारातल्या मुलीने माझ्या हाताला अत्तर लावलं, मुठीत अक्षता दिल्या आणि म्हणाली, "या ना काकू, मुहूर्त जवळ आलाय." मी आत गेले.

त्या दिवशी मी जेवले नाही. अक्षता टाकल्या, मागच्या खुर्चीवर तासभर बसले आणि निघाले. शेजारच्या बाईने मला गर्मी किती आहे एवढंच सांगितलं होतं. पण आठवडाभर मला ते पुरलं.

नंतर सवय लागली. पनवेल, नेरूळ, वाशी. एका हॉलमध्ये दुसऱ्यांदा जायचं नाही, हे मी ठरवलं होतं. पुढे पुढे जेवायलाही लागले, खोटं कशाला बोलू. पाकीट द्यायला पैसे नव्हते, म्हणून मी काम करायचे. कुणाचं मूल रडलं तर घ्यायचं, पंगतीत मीठ-लिंबू वाढायचं, म्हाताऱ्यांना हाताला धरून स्टेजपर्यंत न्यायचं. मुलाकडच्यांना मी मुलीकडची वाटायचे आणि मुलीकडच्यांना मुलाकडची. सहा-सात लग्नं अशी झाली. सोमवार ते शनिवार मी पुढच्या रविवारसाठी जगत होते म्हटलं तरी चालेल. आपण करतो ते बरं नव्हे, हे कळत होतं. पण ते कळून उपयोग होत नव्हता.

शेवटचं लग्न वाशीला झालं. नवऱ्या मुलाची आत्या, पन्नाशीची, बोलकी बाई, माझ्या शेजारी येऊन बसली. तिने आपले गुडघे, सुनेचं बाळंतपण, सोसायटीतली भांडणं, सगळं सांगितलं. मी हं हं करत होते आणि आतून अगदी निवत होते. तिने विचारलं, "मिस्टर नाही आले?" मी म्हणाले, "गुजरातला असतात." "मग एकट्याच? अगंबाई, कंटाळा येत असेल." एवढ्याने माझे डोळे भरून आले. तिने माझा हात हातात घेतला आणि पंगत उठेपर्यंत सोडला नाही. मग म्हणाली, "जरा नवरीच्या खोलीत बसता का? सगळ्या फोटोला गेल्यात. सामानाकडे लक्ष ठेवा."

मी बसले. अर्ध्या तासाने बायका परतल्या आणि कोणीतरी म्हणालं, सासूबाईंची चेन कुठाय?

खोलीत आधी सगळ्या एकदम बोलल्या, मग सगळ्या एकदम गप्प झाल्या. नवरीच्या मावशीने मला विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?"

मी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "तुमच्याकडच्या ना?"

"आमच्याकडच्या नाहीत."

"मग?"

मला एक नावही सुचलं नाही. मी म्हणाले, "मी चेन नाही घेतली." आपल्या तोंडून आधी हेच यायला नको होतं, हे बोलतानाच समजलं. मावशीने दाराला कडी लावली. एका तरुण मुलीने माझी पर्स पलंगावर उलटी केली. त्यातून बसचा पास पडला, रुमाल पडला, कागदात बांधलेले दोन बुंदीचे लाडू पडले आणि पगाराची स्लिप पडली. मला साडीचा पदर झटकायला लावला. मी झटकला. मघाशी माझा हात धरून बसलेली आत्या आता भिंतीकडे बघत होती. त्या मुलीने स्लिप उलगडली, वाचली आणि नकळत मोठ्याने म्हणाली, "हातात एवढेच येतात?"

तेवढ्यात बाथरूममधून कोणीतरी ओरडलं. चेन खुंटीवर होती. तोंड धुताना काढून ठेवलेली.

पुन्हा सगळ्या बोलायला लागल्या. मावशीने लाडू परत कागदात बांधले, पर्स बंद केली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "माफ करा हं. लग्नघर आहे, टेन्शन असतं. जेवून जा."

आणि मी जेवले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. झडती मी सांगितली, पण हे नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं, कारण रविवारी मी घरी स्वयंपाक करणं सोडलं होतं. शेवटच्या पंगतीत, शेवटच्या पाटावर बसून मी खाली मान घालून पुरी-भाजी खाल्ली. वाढणारा मुलगाही माझ्यासमोर थांबत नव्हता. त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

घरी आल्यावर दोन दिवस मी उठले नाही. ताप नव्हता, काही नव्हतं. दार कोणी वाजवलं नाही. पडल्या पडल्या हिशेब करत होते, की आपण इथे मेलो तर कोणाला कधी कळेल? पतपेढीला पहिल्यांदा कळेल, पुढच्या हप्त्याला. मला त्याचं हसू आलं आणि आपलंच हसणं ऐकून भीती वाटली. तिसऱ्या दिवशी भीतीपोटीच कामावर गेले.

लाईनवर माझ्या शेजारी महापे गावातलीच एक आगरी बाई बसायची. वयाने मोठी, कमी बोलणारी. डबा खायच्या सुट्टीत तिने विचारलं, "दोन दिस कुठं व्हतीस?" मी म्हणाले, "बरं नव्हतं." "कोन हाय घरी बघायला?"

मी सांगायला सुरुवात केली ती थांबताच येईना. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी मी बोलत होते. कर्ज, सुरत, कपाट, लग्नं, चेन. तिने मध्ये एकदाही अरेरे म्हटलं नाही. सगळं ऐकून डब्याचं झाकण लावत म्हणाली, "भाडं एकलीच भरतेस?"

"हो."

"येडी हायस. पॅकिंगमधल्या त्या चिपळूनच्या पोरीला जागा पायजे. कवापासून इचारते."

आठ दिवसांनी ती पोर एक ट्रंक आणि एक बादली घेऊन आली. पहिल्या संध्याकाळी मी आमटी केली. तिने घास घेतला, पाणी प्याली आणि घाबरत म्हणाली, "ताई, मीठ फार पडलंय का हो?" खूपच पडलं होतं. मीही घास घेऊन पाहिला. दीड वर्षात माझ्या हातच्या जेवणाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. मी उठून आमटीत पाणी ओतलं आणि तिच्याकडे पाठ करून बराच वेळ ढवळत राहिले.

सगळं काही त्याने सुटलं नाही. हप्ते आणखी तीन वर्षं चालले. आईला खरं सांगितलं तेव्हा ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि भाऊ आजही तो विषय निघाला की उठून जातो. हे परत आले नाहीत. मीही शोधलं नाही.